बाबागाडीत लेकरू का रडतं, आणि तेव्हा काय करायचं

हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या बाजारात आता बाबागाड्या सहज मिळतात. बारशाला मामा किंवा आत्या हौसेने घेऊन येतात, दोन दिवस सगळे कौतुक करतात आणि मग घराघरांतून तीच तक्रार ऐकू येते: "गाडीत ठेवलं की रडायलंय, उचललं की गप." एखादी आजी मीठ-मोहऱ्या ओवाळते. शेजारीण म्हणते, अंगाची सवय लागली, रडू द्या थोडं. शेवटी गाडी पलंगाखाली जाते आणि तिच्यात गोधड्या साठतात.

दृष्ट सोडून देऊ. अंगाच्या सवयीची गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे. फक्त ती सवय लेकराला कुणी लावलेली नसते. पोटात असताना नऊ महिने ते सतत हलत होतं, चारही बाजूंनी आवळलेलं होतं, आईच्या काळजाचे ठोके ऐकत होतं. बाहेर आल्यावर ते सपाट, स्थिर, मोकळ्या जागी उताणं ठेवलं की त्याच्या शरीराला एकच कळतं: जवळचं माणूस सुटलं. रडणं हा त्यावरचा त्याचा एकमेव उपाय.

जपानमधल्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा बारकाईने अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात सहा महिन्यांच्या आतली बाळं होती. आई बाळाला घेऊन नुसती बसली तेव्हा, आणि घेऊन चालू लागली तेव्हा, काय फरक पडतो हे त्यांनी मोजलं. आई चालू लागताच काही क्षणांत बाळाची हालचाल थांबायची, रडणं कमी व्हायचं आणि हृदयाचे ठोके मंदावायचे. मांजर पिलाला मानगुटीला धरून नेतं तेव्हा पिलू पाय पोटाशी घेऊन निपचित राहतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. उंदराच्या पिलांमध्येही तीच प्रतिक्रिया या संशोधकांना दिसली. आई उचलून चालू लागली की गप्प राहायचं, ही शरीराच्या फार खोलवर बसलेली गोष्ट आहे. उचलल्यावर गप्प होणारं लेकरू लबाड नसतं.

आपल्याकडच्या बायकांना हे निबंधाशिवाय ठाऊक होतं. वसमत-औंढ्याकडे जानेवारीपासून हळदीची काढणी सुरू होते, त्याआधी कापसाची वेचणी असते, पावसाळ्यात खुरपण असतं. रोजाने जाणारी बाई अंगावर पिणारं लेकरू घरी कुणाजवळ ठेवणार? ती त्याला सोबत नेते. बांधावरच्या लिंबाच्या किंवा बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधते, लेकरू तिच्यात टाकते आणि चार-पाच वर्षांची मोठी बहीण दोरी हलवत बसते. झोळीत तीन गोष्टी एकदम होतात. धुवून धुवून मऊ झालेलं सुती कापड लेकराला दोन्ही बाजूंनी अंगाशी धरतं. पाठ किंचित गोल होते, पाय पोटाशी येतात, म्हणजे पोटातलीच ठेवण. आणि झोका संथ, एका लयीत चालतो. कानाच्या आत तोल सांभाळणारं जे इंद्रिय असतं, त्याला ही लय पोचते आणि लेकरू निवतं.

बाबागाडीत यातलं काय असतं? कापडाची मिठी नसते, रुंद सीट असते. गाडी उभी असेल तर हालचालही नसते. बऱ्याच गाड्यांमध्ये लेकराचं तोंड पुढे, रस्त्याकडे. तान्ह्या बाळाला साधारण वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं, तेव्हा गाडी ढकलणारी आई त्याच्या लेखी नाहीशीच झालेली असते. म्हणून ते रडतं. गाडीत झोळीचे गुण जेवढे आणता येतील तेवढे आणायचे, बाकी सगळं त्यातून निघतं.

झोळीचं कौतुक केलं तरी तिचा धोका झाकून ठेवता येणार नाही. खोल झोळीत लेकराची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवळली जाते. कूस बदलताना नाक कापडात दबू शकतं. तोंडाशी दोन्ही काठ मिटू नयेत म्हणून वरच्या बाजूला आडवी काठी घालण्याची पद्धत आहे, ती कधीच सोडू नये. दोरीची गाठ रोज ओढून पाहावी, खाली दगड नसावेत, आणि लहान भावंडांच्या हाती झोका देऊन मोठ्यांनी लांब जाऊ नये. लेकरू नीट झोपलं की त्याला सपाट, टणक अंथरुणावर उताणं ठेवायचं, जवळ उशी नको, जाड गोधडी नको. झोळी शांत करायला चांगली. रात्रभर झोपवायला नाही. हेच बाबागाडीलाही लागू आहे.

आता गाडीत ठेवण्याआधीचं पाहू, कारण अर्धं काम तिथेच होतं.

पहिली भूक. लेकरू मूठ तोंडात घालतंय, मान वळवून तोंडाने शोधतंय, ओठ चाटतंय, ही भुकेची सुरुवात. रडणं हा शेवट. रडू लागल्यावर पाजायला घेतलं तर ते हवा जास्त गिळतं. पाजून झालं की लगेच उताणं ठेवू नका. खांद्यावर घ्या, ढेकर काढा, दहा-पंधरा मिनिटं उभं धरा. पोट भरल्या भरल्या आडवं केलेलं लेकरू गुळणी टाकतं, घशाशी आंबट येतं आणि मग सगळा दोष गाडीला जातो. दूध पुरतंय की नाही ही शंका असेल तर लंगोट मोजा: दिवसाच्या २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय.

मग कपडे उतरवून एकदा अंग पाहा. हे मी मुद्दाम सांगते, कारण घाईत कुणी पाहत नाही. लंगोटाची नाडी रुतलीय का, जांघेत लाल चट्टे आहेत का, मानेच्या वळीत घामोळं आहे का. पायाची बोटं एकेक करून वेगळी करून बघा. बाळंतपणानंतर आईचे केस फार गळतात, आणि एखादा लांब केस मोज्यात किंवा दुपट्यात अडकून लेकराच्या बोटाभोवती गुंडाळला जातो. तो इतका घट्ट बसतो की बोट सुजून लालनिळं होतं, आणि लेकरू का कळवळतंय हे कुणालाच कळत नाही. केस अलगद निघाला नाही तर तडक दवाखाना.

तिसरी गोष्ट, आणि आपल्या जिल्ह्यात तर पहिलीच म्हणा, ऊन. एप्रिल-मेमध्ये हिंगोलीत पारा चाळिशी ओलांडतो. गाडीची सीट रेक्झीनची किंवा नायलॉनची असते, बहुतेक वेळा गडद रंगाची. अंगणात अर्धा तास उभी राहिली तरी ती तापते, पट्ट्याचं बक्कल तर चटका देतं. ठेवण्याआधी आपला हात सीटवर फिरवा, वर जुन्या सुती साडीची दुहेरी घडी अंथरा. लेकराला गरम होतंय का हे हातापायांवरून कळत नाही, ते एरवीही गार असतात. मानेच्या मागे बोट लावून पाहा. तिथे घाम असेल तर कुंची काढा, एक कपडा कमी करा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नाही, अंगावरच जास्त वेळा पाजायचं.

ऊन लागू नये म्हणून गाडीवर टॉवेल किंवा ओढणी टाकून चारही बाजू बंद करतात, ते तर अजिबात करू नका. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी उन्हात ठेवलेल्या बाबागाड्यांच्या आतलं तापमान मोजलं. २०२३ मध्ये ते निष्कर्ष आले. कोरड्या कापडाने गाडी झाकली तेव्हा आतली उष्णता तीन-चार अंशांनी वाढली. पातळ मलमलीचं कापड ओलं करून टाकलं आणि सोबत छोटा पंखा लावला, तेव्हा ती पाचएक अंशांनी उतरली. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून ओल्या कापडाचा उपाय इथे चालतो, आपले वाळ्याचे पडदे त्याच तत्त्वावर चालतात; पण कापड दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा भिजवावं लागतं आणि एक बाजू वाऱ्याला उघडी ठेवावी लागते. श्रावणातल्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही. खरा उपाय वेळेचा: उन्हाळ्यात गाडी सकाळी नऊच्या आत किंवा दिवस मावळल्यावरच बाहेर काढावी.

आता ठेवण्याची रीत. लेकरू रडत असताना त्याला गाडीत कोंबून फेरी मारणं हा सगळ्यांचा पहिला प्रयत्न, आणि तोच बहुधा फसतो. रिकेनच्याच गटाने २०२२ मध्ये २१ बाळांवर पुढचा अभ्यास केला. रडणाऱ्या बाळाला आईने घेऊन चालणं, घेऊन बसणं, स्थिर पाळण्यात ठेवणं आणि हलत्या पाळण्यात ठेवणं, असे चार प्रकार त्यांनी ताडून पाहिले. चालण्याने आणि हलत्या पाळण्याने रडं उतरलं. घेऊन नुसतं बसल्याने उतरलं नाही. पाच मिनिटं चालल्यावर सगळी बाळं रडायची थांबली, जवळजवळ निम्मी झोपली. पण झोपलेलं बाळ लगेच खाली ठेवलं तर एक तृतीयांशाहून जास्त बाळं काही सेकंदांत जागी झाली. हृदयाच्या ठोक्यांवरून दिसलं की बाळाची पाठ अंथरुणाला टेकण्याने ते जागं होत नाही; आईच्या अंगापासून सुटायला लागतं त्याच क्षणी होतं. झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटं घेऊन शांत बसलं आणि मग ठेवलं तर जागं होण्याचं प्रमाण बरंच कमी झालं.

घरात हे असं करायचं. लेकराला छातीशी घ्या, डोकं आणि मान एका हातात, आणि ओसरीतून किंवा गल्लीतून सपाट जागेवर, न थबकता, न थांबता पाच मिनिटं चाला. वेग नेहमीचाच ठेवा. उड्या नकोत, थोपटण्याचा भडिमार नको. डोळे मिटले, मुठी सैल पडल्या की बसा. घड्याळ बघून आठ मिनिटं बसा, मोबाइल बाजूला ठेवून. मग गाडी जवळ ओढा, चाकाचा ब्रेक लावा आणि वाकून, लेकरू आपल्या अंगाला लागलेलं असतानाच, आधी त्याचं बूड टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं. आपली छाती त्याच्या छातीपासून सर्वांत शेवटी सोडवायची. डोक्याखालचा हात सावकाश काढा, दुसरा हात मिनिटभर छातीवर राहू द्या. पट्टा हलक्या हाताने लावा, ब्रेक काढा आणि लगेच चालू लागा. उभ्या गाडीत ठेवून चप्पल शोधायला गेलात तर मेहनत वाया.

गाडी कोणती, हेही महत्त्वाचं. पहिल्या सहा महिन्यांत सीट पूर्ण आडवी होणारीच हवी. बसती गाडी नको, कारण मान धरलेली नसताना डोकं पुढे पडतं. तोंड ढकलणाऱ्याकडे वळवता येत असेल तर वर्षभर तसंच ठेवा. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या सुझॅन झीडिक यांनी २००८ मध्ये दाखवलं होतं की लेकराचं तोंड आईकडे असलं की आई त्याच्याशी कितीतरी जास्त बोलते. न झोपलेल्या लेकराला हे बोलणंच धरून ठेवतं. काय बोलता याला महत्त्व नाही. भाजी निवडताना बोलता तसं बोला.

आपल्या रस्त्यांचं मात्र काय करायचं? स्वस्त गाड्यांची चाकं छोटी, प्लॅस्टिकची. ती खडीत रुततात, गटाराच्या जाळीत अडकतात, पेव्हर ब्लॉकवर खडखडतात. संथ लय आणि हादरे यांत लेकराला जमीन-अस्मानाचा फरक कळतो. मोठी, रबरी चाकं असलेली गाडी घ्या. नाहीतर गाडी घराच्या फरशीपुरती ठेवा आणि बाहेर लेकरू अंगावर घ्या. औंढा नागनाथला महाशिवरात्रीच्या गर्दीत किंवा हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याच्या प्रदर्शनात, भोंग्याच्या आवाजात, दोन महिन्यांचं लेकरू गाडीत रडत असेल तर त्याचं बरोबर आहे. तिथे गाडी नेऊच नये.

अंगावर घ्यायची सवय लागेल, या भीतीचं उत्तर कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये १९८६ मध्ये मिळालं आहे. उर्स हुन्झिकर आणि रोनाल्ड बार यांनी ९९ आया-बाळांच्या जोड्या घेतल्या आणि निम्म्या आयांना सांगितलं की बाळ रडत नसतानाही त्याला रोज जास्तीचे काही तास घेऊन वावरा. सहा आठवड्यांच्या वयाला त्या बाळांचं रडणं इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी भरलं, संध्याकाळचं तर त्याहून कमी. बार यांनीच पुढे, आधीपासून पोटशुळाने फार रडणाऱ्या बाळांवर तोच उपाय करून पाहिला, तेव्हा फरक दिसला नाही. यातून घ्यायचं ते इतकंच की, रडं सुरू व्हायच्या आधी दिवसभर जे घेतलं जातं त्याने फळ मिळतं. सकाळपासून पोटभर कडेवर, मांडीवर, आजोबांच्या खांद्यावर राहिलेलं लेकरू संध्याकाळी अर्धा तास गाडीत जास्त सुखाने राहतं.

आणि काही रडं कशानेच थांबत नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० निरोगी बाळांच्या आयांकडून रोजच्या रडण्याच्या नोंदी लिहून घेतल्या. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत गेलं, सहाव्या आठवड्यात दिवसाला सरासरी पावणेतीन तासांवर पोचलं आणि बाराव्या आठवड्यापर्यंत तासाभराच्या आत आलं. जास्तीत जास्त रडं संध्याकाळचं. सहावा आठवडा म्हणजे आपला सव्वा महिना. बाळंतीण खोलीतून बाहेर येते, शेक-शेगडी थांबते, मदतीला आलेली मावशी परत जाते, घरातले म्हणतात आता झालं सगळं. नेमकं तेव्हाच लेकरू आयुष्यातलं सर्वांत जास्त रडतं, आणि आईला वाटतं आपल्याकडूनच काही चुकतंय. तिची चूक नसते.

या दिवसांत गुटी, ग्राइप वॉटर, मधाचं बोट, असं काहीबाही सुचवलं जातं. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं अपवाद. सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर गुटीतून जुलाब होतात, आणि वर्षाच्या आत मध देणं धोक्याचं आहे. एक जुनी गोष्ट इथे सांगायलाच हवी. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया पाळीला जाताना तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देत, म्हणजे ते दिवसभर निजून राही. १९२० च्या दशकातल्या सरकारी अहवालांत याची नोंद आहे. त्या बाया निर्दय नव्हत्या, त्यांच्याजवळ लेकरू सांभाळायला माणूस नव्हतं. आजही कुणी "निवांत झोपेल" म्हणून झोपेचं किंवा सर्दीचं औषध द्यायला सांगितलं तर हात जोडून नाही म्हणा.

दवाखान्यात कधी धावायचं, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. तीन महिन्यांच्या आतल्या लेकराला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, पिणं सोडलं, हिरवी उलटी, शीतून रक्त, टाळू फुगलेली, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, जांघेत गाठ, पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळणं, नेहमीपेक्षा वेगळा, तीक्ष्ण टाहो, किंवा उलट, रडायचंच सोडून मलूल पडणं. यातलं एकही दिसलं तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

रडं ऐकून आईचं डोकं सुन्न होतं, हात थरथरतात, असं होतं. त्या वेळी लेकराला सपाट अंथरुणावर उताणं ठेवून दार लोटायचं आणि दहा मिनिटं अंगणात बसायचं. तेवढ्या रडण्याने त्याला काही होत नाही. रागात गदागदा हलवल्याने मात्र होतं. त्याचं डोकं जड आणि मान कच्ची असते, एका झटक्यात मेंदूतल्या रक्तवाहिन्या तुटतात आणि जन्माचं अपंगत्व किंवा मृत्यू ओढवतो. मन सारखं उदास राहत असेल, लेकराकडे बघावंसं वाटत नसेल, तर टेलिमानसच्या १४४१६ क्रमांकावर बोला. फोनला पैसे लागत नाहीत.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईच्या घरभेटी तिसऱ्या दिवसापासून सुरू होतात आणि सहावी भेट ४२व्या दिवशी येते. त्यानंतरची एकदम तिसऱ्या महिन्यात. ४२वा दिवस रडण्याच्या ऐन भराचा. त्या भेटीत वजन करून घ्या, लसीचं विचारा आणि रडण्याबद्दलही मोकळेपणी विचारा, "लहान गोष्ट आहे" म्हणून गिळू नका. आणि घरातल्या पुरुषांना एक विनंती: त्या सहा-आठ आठवड्यांत संध्याकाळी सहा ते आठ लेकरू तुमच्या छातीशी असू द्या. चालण्याने शांत होण्यासाठी त्याला आईच लागते असं नाही. बापाच्या, आजोबांच्या, काकाच्या अंगावरही ते तसंच निवतं, आणि तिला दोन घास शांतपणे जेवता येतात.